मागची रेष

"बाईले कोणी सांगा गा, सायबाचं फूल कधी बाहेर पडत नसते."

हे मारोती म्हणाला. क्लबच्या बॅडमिंटन हॉलच्या दारात उभा राहून, हातात ओलं फडकं धरून, तसं कोणालाच उद्देशून नाही. मी बाकावर बुटाची नाडी बांधत होते म्हणून मला ऐकू आलं. मारोती हॉलची लाकडी जमीन पुसायचा, नेट बांधायचा आणि शटलचे डबे कपाटातून काढून द्यायचा. शटलला आमच्याकडे सगळे फूलच म्हणत.

कोर्टवर अध्यक्ष साहेब खेळत होते. निवृत्त जज्ज, पांढरी हाफ पँट, पोटावर घट्ट ओढलेला पट्टा. समोर एक उंच गोरी बाई, केस मक्याच्या कणसातल्या रेशमासारखे. साहेबांनी मारलेलं फूल बाईंच्या मागच्या रेषेच्या बाहेर पडलं होतं आणि बाईंनी हात वर करून तसं सांगितलं होतं. एवढंच. पण आमच्या क्लबात तसं कोणी सांगत नसे.

तुमच्याही ओळखीचा असा एखादा क्लब असेल. तिथं नियमांचं पुस्तक असतं आणि शिवाय एक रीत असते. आमची रीत अशी, की फूल रेषेच्या आसपास पडलं की शंकेचा फायदा वयाने किंवा हुद्द्याने जो मोठा त्याला. "डाउट सीनियरचा," असं सेक्रेटरी नव्या सभासदांना पहिल्याच दिवशी हसत हसत सांगत. रेषेपासून वीतभर दूर पडलेलं फूलही मग डाउटमध्येच यायचं.

थोड्या वेळाने उलटं झालं. बाईंनी मारलेलं फूल साहेबांच्या मागच्या कोपऱ्यात पडलं. साहेब म्हणाले, "आउट." बाई नेटखालून वाकून पलीकडे गेल्या, चालत कोपऱ्यापर्यंत पोचल्या आणि रॅकेटचं टोक जमिनीवर एका जागी टेकवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "फूल आत होतं."

मला त्या गोऱ्या तोंडातून मराठी ऐकल्याचा धक्का जास्त होता की जज्ज साहेबांना कोणी खोटं पाडल्याचा, ते आजही सांगता येणार नाही.

"राहू द्या मॅडम, लेट घेऊ या," साहेब म्हणाले. म्हणजे तो पॉइंट पुन्हा खेळू.

"काहून वं?" बाईंनी विचारलं.

मारोती फडकं तोंडावर धरून बाहेर पळाला. 'काहून' म्हणजे का, आणि 'वं' आमच्याकडे फक्त बायकांना म्हणतात. बाईंना मराठी शिकवली होती ती त्यांच्या घरी काम करणाऱ्या सुभद्राबाईंनी. सुभद्राबाई रामटेककडच्या, आणि त्यांचं दिवसभराचं बोलणं मोलकरणी, शेजारणी, भाजीवाल्या यांच्याशी. त्यामुळे बाईंच्या मराठीत जगातली सगळी माणसं बायकाच होती. सेक्रेटरी 'वं', जीपचा ड्रायव्हर 'वं', बँकेतला कारकूनही 'वं'.

सगळे त्यांना हॉलंडबाई म्हणत. त्यांचे यजमान इंजिनिअर. नागपूरजवळ कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या कारखान्यात मशिनरी बसवायला दोन वर्षांसाठी आलेले. ते सकाळी जीपने जायचे, अंधार पडता परत यायचे. मधला सगळा दिवस बाईंचा. धरमपेठेतल्या त्यांच्या गच्चीवर त्या दोरीवरच्या उड्या मारत. "बारा वर्साच्या पोरीवानी उडते," असं सुभद्राबाई आमच्या कामवालीला सांगायच्या, आणि मग आवाज उतरवून, "मूलबाळ नाही ना, म्हणून."

मूलबाळाचा काही संबंध नव्हता. बाई बॅडमिंटन खेळत, आणि त्याचे त्यांना पैसे मिळत. हे आम्हाला कोणालाच आधी खरं वाटलं नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात, स्वभावाने चौकस. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे शिकवायचे पैसे?" बाई म्हणाल्या, "नाही. खेळाचे." वडील घरी येऊन आईला म्हणाले, "बाई खोटं बोलणारी वाटत नाही, पण हे काही तरी वेगळंच आहे."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा कॉन्व्हेंट. त्या शाळेनं मला इंग्रजी शिकवलं आणि विचारल्याशिवाय न बोलणंही. दुसरी गोष्ट मला जास्त चांगली जमली. बाईंशी आपण इंग्रजीत बोलू, म्हणजे त्यांना बरं वाटेल, असं मी मनात दोन-तीन दिवस ठरवून एक वाक्य तयार केलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "इंग्रजी मले नवऱ्याच्या साहेबासंग बोला लागते. तुह्यासंग काहून?"

मग मी त्यांना मॅडम म्हटलं. "मॅडम काहून? मी शाळा नाही." त्यानंतर मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे. त्या मला 'पोरी' म्हणत.

पहिल्या महिन्यात त्यांनी अध्यक्षांच्या पत्नीला एकही पॉइंट न देता दोन्ही गेम हरवले. त्या काळी बायकांचा गेम अकराचा असे. पाहणाऱ्यांना वाटलं, बाईंनी निदान तीन-चार तरी सोडायला हवे होते. मलाही वाटलं. बाजूला बसून मी मान खाली घातली होती. सेक्रेटरींनी नंतर ते बाईंना नीट शब्दांत सुचवलं. बाई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू त्यांनी कोणाच्या पर्समध्ये हात घालायला सांगितला.

"मी हळू खेळली तं तिले वाटन, मी तिले लहान पोर समजतो," त्या म्हणाल्या. "ती माह्यासारखीच उभी होती ना, रॅकेट घेऊन?"

वहिनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, आठवडाभर आल्या नाहीत. आल्या तेव्हा सरळ बाईंकडे गेल्या. "इतकी वर्षं हे लोक मला खेळवत होते हो," त्या म्हणाल्या. "ती सर्व्हिस कशी करता, मला दाखवा." आमच्या क्लबात मी पाहिलेलं हे पहिलं शौर्य.

बाईंना सरावाला कोणीतरी हवं होतं. पहाटे हॉल मोकळा असायचा, माझं कॉलेज अकराचं, आणि मी नाही म्हणू शकत नसे. त्यामुळे मी.

तुम्ही कधी अशा माणसाशी खेळला आहात का, की ज्याला तुम्ही मारण्याआधीच फूल कुठं जाणार ते कळलेलं असतं? आधी राग येतो, मग लाज वाटते, आणि पुढं कधीतरी ते बघण्यातच मजा येऊ लागते. मला खेळापेक्षा कठीण गेलं ते दुसरंच. सरावाला पंच नसतो. ज्याच्या बाजूला फूल पडेल, आत की बाहेर ते त्यानेच सांगायचं, हा सगळीकडचा नियम. मला ते तोंडाने सांगता येत नसे. मी खांदे उडवायची, बोट अर्धवट वर करायची, "सॉरी, नॉट शुअर" म्हणायची.

बाई खेळ थांबवत. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहत.

"फूल तुह्या बाजूले पडलं. तूच सांग."

मी पुटपुटायची.

"ऐकू नाही आलं."

मी परत पुटपुटायची.

"ऐकू नाही आलं, पोरी."

मारोती दारातून म्हणायचा, "बोल ना वं, मले चहा ठेवाचा हाय." मला ऐकू जाईल इतकं बोलेपर्यंत त्या फूल उचलत नसत. एकदा तर बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी मी "आउट" म्हणाले आणि मला रडू आलं. त्यांनी त्याकडे लक्षही दिलं नाही, पुढची सर्व्हिस केली. तेव्हा ते मला निष्ठुर वाटलं होतं.

चहाच्या किटलीवरून मारोतीची कायम कुरकुर असे, कारण बाईंनी ती ताब्यात घेतली होती. नागपूरच्या कोरड्या हवेत फुलांची पिसं काडीसारखी कडकड मोडतात. बाई डब्याचं झाकण काढून तो किटलीच्या वाफेवर धरायच्या, मग रात्रभर बंद ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तीच फुलं दुप्पट टिकायची. "बाई फुलाइले चहा पाजून राहिली," मारोती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण एप्रिल-मेमध्ये त्यानं स्वतःच किटली लवकर चढवायला सुरुवात केली.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा चहाबरोबर आलेला चमचा चांदीचा होता. त्यावर कोरलेली अक्षरं मला वाचता येईनात. मी तो बशीत जपून ठेवला.

"ढवळ ना," बाई म्हणाल्या. "हा डेन्मार्कचा. सेमीफायनल. हरली."

त्यांच्या खेळात पूर्वी पैसे घ्यायची बंदी होती. वरचा नंबर आला की चमचे, ट्रे, एकदा टेबलावरचा दिवा. पोटासाठी त्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायच्या आणि संध्याकाळी सायकलने हॉलला जायच्या. "वारा नेहमी तोंडावर," त्या म्हणाल्या. "जातानाही, येतानाही." पुढं नियम बदलला, रॅकेट बनवणाऱ्या एका कंपनीनं त्यांच्याशी करार केला, आणि नवरा-बायको एका जुन्या व्हॅनमध्ये गाद्या टाकून स्पर्धांमागून स्पर्धा फिरू लागले. जर्मनी, इंग्लंड, डेन्मार्क. देशाचा नारंगी शर्ट त्यांनी मला दाखवला. काखेत रफू केलेला होता.

त्यांच्या गावच्या हॉलबद्दल त्यांनी सांगितलेलं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. एकच जमीन, आणि तीवर पाच खेळांच्या रेषा, पाच रंगांत, एकमेकींवरून गेलेल्या. लहान मुलगी तिथं आली की पहिला महिना तिला फक्त आपली रेष शोधायला शिकवत. "लाल नाही, हिरवी नाही. आपली पांढरी. बाकीच्या दिसल्याच नाही पाहिजे." मग त्या हसल्या. "तुमच्या क्लबात एकच रंग आहे, आणि कोणालेच दिसत नाही."

मग त्यांनी मोजा खाली सरकवून टाच दाखवली. टाचेच्या वरची ती जाड शीर, तिथं गाठ आलेली होती. डॉक्टरांनी वर्षभर खेळू नका म्हटलं होतं. त्यांनी खेळणं बंद केलं नाही, हळूहळू वाढवत नेलं. कंपनीनं कळवलं होतं की फेब्रुवारीपर्यंत पाय बरा असेल तर आणखी एक हंगाम. नाही तर करार संपला. बाई एकतीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याला ठेवून त्या एकट्या परत जाणार होत्या.

"पण रोज खेळता ना तुम्ही माझ्याशी," मी म्हणाले. माझ्या मानानं ते लांब वाक्य होतं.

"सरावाचा पाय वेगळा आणि लोकांसमोरचा पाय वेगळा," त्या म्हणाल्या. "लोक पाहतात तेव्हा मी पायाचं ऐकत नाही. जानेवारीत तुमची स्पर्धा आहे. तेव्हा टिकला, तं मी जातो."

अशी ती आमच्या क्लबची वार्षिक स्पर्धा. इतरांसाठी स्वेटर घालून येण्याचं आणि शेवटी चिवडा-कॉफीचं निमित्त. फायनलला बाई आणि मी आलो, कारण स्पर्धेत बायका मोजक्याच होत्या आणि मी वर्षभर त्यांच्याकडून मार खाऊन तयार झाले होते.

हॉल भरला होता. उंच खुर्चीवर सेक्रेटरी. माझ्या मागच्या रेषेवर बघायला वहिनी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, हातात छोटा पंखा, जानेवारीतही. दारात मारोती.

बाई त्या दिवशी जशा खेळल्या तसं खेळताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. सरावात त्या मला अर्ध्याच दिसल्या होत्या. मी नेटच्या पलीकडे नसते आणि तुमच्याशेजारी बाकावर असते तर तुम्हालाही कोपरानं ढोसून म्हटलं असतं, बघा. पहिला गेम अकरा-चार. ते चार माझे होते, खरे, एकही सोडलेला नव्हता. दुसऱ्या गेममध्ये दहा-पाच, सर्व्हिस बाईंची. एक पॉइंट, आणि मॅच त्यांची. माझे पाच पाहून वडील बाकावर पुढे सरकून बसले होते.

मी फूल त्यांच्या मागच्या कोपऱ्यात उंच मारलं. माझा त्या दिवसातला सर्वांत चांगला फटका. बाई दोन पावलं मागं गेल्या, उजव्या पायावर जोर देऊन उसळल्या आणि रॅकेट फिरवली. त्याच क्षणी आवाज झाला.

लाकडी पट्टी गुडघ्यावर मोडावी तसा. मला वाटलं जमिनीची फळी गेली. मारोतीला वाटलं बाहेर कोणी फटाका लावला, तो दाराबाहेर बघू लागला. बाई खाली आल्या आणि त्यांनी चटकन मागं वळून पाहिलं, जसं कोणी पाठीमागून लाथ मारली की आपण बघतो तसं. मागं कोणी नव्हतं. भिंत होती.

"मले कोनं मारलं?" त्यांनी विचारलं.

रागानं नाही. खरंच विचारलं. मग त्यांनी पाऊल टाकलं, आणि पाऊल तिथं नव्हतंच. त्या खाली बसल्या.

इथून पुढचं आधी सांगून टाकते. टाचेची ती शीर पूर्ण तुटली होती. नागपुरातच ऑपरेशन झालं, मांडीपर्यंत प्लास्टर. सुभद्राबाई तीन आठवडे त्यांच्याकडेच राहिल्या आणि सगळ्यांना सांगत राहिल्या की नजर लागली, जानेवारीत पंखा घेऊन कोण बसते. मार्चमध्ये नवऱ्याचं काम आटोपतं घेऊन दोघं गेले. सोनेगावच्या विमानतळावर बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी पिशवीतून चमचा काढून माझ्या हातात दिला. डेन्मार्कचा. "हरलेला आहे," म्हणाल्या, "म्हणून वापर." आता त्या त्यांच्या गावच्या हॉलमध्ये मुलांना शिकवतात, त्या पाच रंगांच्या जमिनीवर. स्वतः परत कधी खेळल्या नाहीत. मारोती अजून विचारतो, "हॉलंडबाई खेळून राहिली का?" मी नाही म्हणते. तो मान डोलावून म्हणतो, "हव," आणि किटली उचलून आत जातो. दरवेळी नव्यानं विचारतो.

पण मला ते सांगायचं नव्हतं. मला सांगायचं आहे ते आवाज झाल्यानंतरचं.

सगळे धावले. वहिनी खुर्ची पाडून धावल्या. कोणी पाणी, कोणी बर्फ, कोणी "डॉक्टर कुठे आहेत" करत होतं. बाईंचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. मी मात्र होते तिथंच.

सेक्रेटरी उंच खुर्चीवरून उतरले नाहीत. त्यांना आपलं काम संपवल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की मॅडम पुढे खेळू शकत नाहीत, तेव्हा नियमानुसार मॅच आमच्या मुलीची. माझं नाव घेतलं. मागून दोन-चार टाळ्या वाजल्या आणि शरमून थांबल्या.

"एक मिनिट," जज्ज साहेब म्हणाले. "फूल हवेत होतं ना? ते कुठं पडलं? आत पडलं असेल तर मॅच तिथंच संपली, मॅडमची."

ते एवढं तरी म्हणाले, हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते. सेक्रेटरींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मी नाही हो पाहिलं," त्या म्हणाल्या. "मी तर उठले होते."

"मग डाउट," सेक्रेटरी म्हणाले. "आणि डाउट आज आपल्या मुलीचा. काय साहेब?"

साहेबांनी मान हलवली. त्यात वाईट काही नव्हतं. क्लबनं मला पहिल्यांदाच काही देऊ केलं होतं. वडील माझ्याकडे बघून हळूच हसले. ज्या बाईंना आता चालताही येत नव्हतं, त्यांना एका क्लबच्या कपानं काय फरक पडणार होता?

मी पाहिलं होतं. तो आवाज झाला तेव्हा माझं सगळं अंग थिजलं, पण मान वळली होती. वर्षभराच्या सवयीनं, माझ्या मनाविरुद्ध. फूल माझ्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या रेषेवर पडलं, आणि रेषेवरचं म्हणजे आतलंच. बूच पांढऱ्या पट्ट्यावर टेकलं, पिसं आतल्या बाजूला कलली. ते अजून तिथंच होतं. तुटलेल्या पायानं मारलेला फटका, आणि तो गेला होता बरोबर जिथं जायचा तिथं.

मी वळले. बाई पायाकडे बघत नव्हत्या. सगळ्यांच्या पायांमधून, खालून, माझ्याकडे बघत होत्या. उभ्या असत्या तर त्यांचे हात कमरेवर असते, अशी ती नजर होती.

मी काहीतरी बोलले. माझे ओठ हलले एवढं मला आठवतं.

"काय म्हणालीस?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ऐकू नाही आलं, पोरी," जमिनीवरून बाई म्हणाल्या. दात आवळलेले होते.

मी मागं चालत गेले. रॅकेटचं टोक पांढऱ्या रेषेवर, त्या फुलाशेजारी टेकवलं. आणि दारातल्या मारोतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"इथं. फूल आत होतं."